हातचं

नांदेडात उपाशी राहायचं म्हटलं तर त्यासाठी खटपट करावी लागते. हे वाक्य माझं नाही. रेल्वे स्टेशनबाहेर गोणपाट टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याचं आहे, आणि ते त्यानं माझ्या हातातल्या खिचडीकडं बघत मला ऐकवलं होतं. "जेवायचं कशाला आणलाव बाई? जेवण गुरुद्वाऱ्यात हाय की. दाल हाय, फुलके हायत, खीर हाय. तुम्ही येताव का?"

2009 सालचा डिसेंबर. आमच्या मंडळीच्या तरुण संघातली नऊ मुलंमुली माझ्या मागं उभी होती. नाताळ जवळ आलेला, त्यामुळे सगळ्यांच्या अंगात परोपकाराचं वारं. दुपारभर पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरात खिचडी शिजवून, पाकिटं भरून, प्रार्थना करून आम्ही निघालो होतो. चाळीस पाकिटांपैकी एकतीस परत आली. ती कुणी खायची यावरून वाद झाला आणि शेवटी आम्हीच खाल्ली. मीठ जास्त पडलं होतं.

त्या म्हाताऱ्याचं खरंच होतं. गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली इथं गोदेच्या काठी देह ठेवला, पुढं महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभी केली, आणि या गावात एक पंगत बसली ती उठायचं नाव घेत नाही. नगीना घाटावरच्या लंगर साहिबात जाऊन बघा. तिथं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, आडनाव तर नाहीच नाही. मराठवाड्यात आडनाव न विचारता ताट मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना विचारलं गेलंय त्यांनाच कळेल. रांगेत बसायचं, दोन्ही हात पुढं करून फुलका घ्यायचा, की झालं.

म्हणजे शिखांनी आमचं कामच काढून घेतलं होतं. मुलं हिरमुसली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, मग आपण यांना द्यायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री खारट खिचडी खाताना मला माझी आजी आठवली, आणि तिच्या पाठोपाठ तिची आई, जिला मी कधी पाहिलंच नाही.

*

आमचं घर लातूरचं. आजोबा बार्शी लाइट रेल्वेत पॉइंट्समन होते. ही अडीच फुटी गाडी 1911 साली लातूरला पोहोचली, आणि कापूस, शेंगा, डाळ वाहता वाहता तिनं लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेला मोठं केलं. आजोबा गाडीबरोबर सोलापूरच्या बाजूनं आले आणि स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये राहिले. त्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून आजी ज्या गोष्टी सांगायची, त्यांत परी नव्हती की राजा नव्हता. असलाच तर निजाम, आणि तोही लांबचा.

पणजीचं माहेर उदगीरच्या बाजूचं. तेव्हा तो मुलूख निजामाच्या बिदर जिल्ह्यात. 1899 साली पाऊस आला नाही आणि 1900 चा उन्हाळा माणसं खात गेला. पणजी सात-आठ वर्षांची. बापानं घराला कुलूप लावलं. आजी इथं नेहमी थांबायची. "कुलूप कशाला लावलं असंल? आत काय होतं? पण लावलं." इंग्रजी हद्दीत खडी फोडायची कामं निघालीत आणि तिथं आगगाडी आहे, एवढ्या बातमीवर ते सोलापूरकडं चालत निघाले. निघाले पाच, पोहोचले दोन. बाप कामावर लागला आणि पटकीनं गेला. उरलेली पोर कुणीतरी अमेरिकन मिशनच्या माणसांच्या हवाली केली.

त्या साली दख्खनभर मिशनांनी अशी हजारो पोरं गोळा केली. आज ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्या घरांची वंशावळ खणत गेलं तर खाली दुष्काळ लागतो. आम्ही ते फारसं बोलत नाही. "पोटासाठी बाटले" हा टोमणा शाळेत मीही ऐकलाय. आजीपाशी त्याचं उत्तर तयार असे: "पोटासाठी नाही तर काय पाठीसाठी?" पण हे उत्तर बाहेरच्यांसाठी होतं. घरच्यांसाठी तिच्याकडं दुसरी गोष्ट होती, आणि ती पणजीच्या तोंडून आलेली.

पणजी सांगायची म्हणे, की अनाथाश्रमात पोट भरलं, पण ते भरल्याचं तिला काही वाटेना. टिनचं ताट, अंगात गोणपाटाचं झबलं, रांग, घंटा. देणारे चांगले होते. पण घेऊन घेऊन हात जड होतात, असं ती म्हणायची. गावाकडं तर तिच्या आईच्या हातचं पाणी कुणी घेत नसे, सावली पडली तरी ओरडा. मग एकदा आश्रमातली भाकरी करणारी बाई तापानं पडली, आणि पोरींना थापायला बसवलं. पणजीनं भाकरी थापली, वाकडीतिकडी, एका बाजूनं करपलेली. मडमसाहेब फिरत फिरत चुलीपाशी आल्या, टोपलीतली ती भाकरी उचलून उभ्या उभ्या तुकडा मोडला आणि खाल्ला. एवढंच. "त्या दिवशी मी ख्रिस्ती झाले," पणजी म्हणे. "पाणी नंतर पडलं."

मडमसाहेबांना हे कधी कळलंही नसेल. त्यांना भूक लागली असेल.

आजी ही गोष्ट सांगून झाली की दामाजीपंताची सांगायची. चर्चला जाणारी बाई, पण दामाजीवर तिचा फार जीव. मंगळवेढ्याचा दामाजी बिदरच्या बादशहाचा चाकर. दुष्काळ पडला तेव्हा त्यानं सरकारी धान्याची कोठारं उघडली, बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली, आणि इकडं विठोबानं विठू महार होऊन दरबारात मोहरांची थैली ओतली. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली गोष्ट. पण आजीचा शेवट निराळा असायचा. "वाहवा दामाजीची झाली. पण बिल कुणी भरलं? देवाला बिदरच्या दरबारात उभं राहायचं होतं, तर त्यानं रूप कुणाचं घेतलं? पाटलाचं नाही घेतलं."

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की ती जरा सावरून बसायची. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले. शास्त्र जाणणारी, संस्कृत बोलणारी ती पोर भावाबरोबर पायी देश तुडवत 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तिनं उपाशी मुली गोळा केल्या आणि केडगावला आणल्या, तेव्हा ती परोपकार करत नव्हती, असं आजीचं मत. "तिला रस्ता ठाऊक होता. रस्त्यावरचं माणूस तिला आतून दिसायचं." रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनवर मी पुढं बरंच काही वाचलं, पण याच्यापलीकडं फारसं काही हाती लागलं नाही.

*

एक गोष्ट आजी अर्धीच सांगायची. 1948 ची.

लातूर म्हणजे कासिम रझवीचं गाव. रझाकारांचा हा म्होरक्या इथलाच वकील. सप्टेंबरआधी हिंदू कुटुंबं गाव सोडून सरहद्दीपलीकडं, बार्शी-सोलापुराकडं पळत होती, आणि आजोबांची छोटी गाडी त्यांना वाहत होती. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. त्यानंतर काही दिवस गाडीत बसणारी माणसं बदलली, पळणं तेच राहिलं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची समिती केंद्र सरकारनं वर्षअखेरीस पाठवली. सगळ्यांत जास्त हानी झालेले म्हणून तिनं जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद होता, बिदर होता, नांदेडही होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. तो अहवाल पुढं कित्येक वर्षं कुणाला बघायला मिळाला नाही, आणि मुक्तिदिनाच्या भाषणांत अजूनही त्याला जागा मिळत नाही.

आजीच्या गोष्टीत अहवाल नाही. तिच्या गोष्टीत एक बाई आहे, शिंप्याची, दोन लेकरांची. ती क्वार्टरच्या मागच्या न्हाणीत किती तरी रात्री राहिली. आजी तिला भाकरी द्यायची, ती न खाता पोरांना द्यायची. मग एका दुपारी तिनं खुणेनं सुई मागितली आणि आजोबांच्या डगल्याची सगळी बटणं काढून पुन्हा पक्की लावून दिली. त्या रात्री ती जेवली. पुढं ती कुठं गेली, हे आजीनं कधीच सांगितलं नाही. विचारलं की उठून चुलीकडं जायची. आजोबा गेले तेव्हा तो डगला पेटीत होता. बटणं घट्ट होती.

बहात्तरचा दुष्काळ आईच्या वाट्याचा. लाल मिलोची भाकरी, तरवट्याची भाजी, सुकडीची वाटी, आणि खडीच्या ढिगावर बसलेली सबंध गावंच्या गावं. तो सगळ्यांनी सांगितलाय. आईच्या सांगण्यातलं एकच मला महत्त्वाचं वाटतं: त्या साली खडीवर पाटलीणबाई आणि मांगीणबाई शेजारी बसायच्या, पण डबे वेगवेगळ्या झाडांखाली सोडायच्या. डब्यांत मात्र दोघींच्या तोच मिलो.

*

मग माझी पाळी आली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. मी सतरा वर्षांची. लातुरात आमचं घर हललं, भिंतीला तडा गेला, देव्हाऱ्यासारखी जपलेली आजोबांची रेल्वेची घंटी खाली पडून एकदा वाजली. चाळीसेक किलोमीटरवर किल्लारीत मात्र वाजायला काही उरलं नाही. दगडमातीच्या रुंद भिंती, वर तुळया आणि त्यांवर फूट-दोन फूट पांढरी माती. ही माळवदं उन्हाळ्यात माठासारखी गार. तीच माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणूस गेला. बावन्न गावं अशी पडली की ती जागा सोडून दुसरीकडं वसवावी लागली.

जगभरातून मदत आली. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात कुजत पडलेले मी पाहिलेत. त्यांत जरीचा फ्रॉक होता, सुटाचा कोट होता, एकाच पायाचा बूट होता. आमच्या तरुण संघाच्या मुलांबरोबर मी एका पत्र्याच्या शेडवस्तीवर जायला लागले. हातात वही. घरातले किती गेले, किती राहिले, काय हवंय. आमच्याआधी तलाठ्यानं विचारलेलं, मग पेपरवाल्यांनी, मग आणखी दोन संस्थांनी.

एक बाई होती, चाळिशीची असेल. तिनं माझे प्रश्न ऐकून घेतले आणि विचारलं, "तू जेवलीस का ग?"

मी म्हटलं, नाही, पण असू द्या.

तिनं तीन दगड मांडले. मदतीत आलेली दुधाची भुकटी, मदतीत आलेली साखर, मदतीत आलेलं पातेलं. फक्त जळण तिच्या स्वतःच्या घराचं होतं, तुळईचा तुकडा. चहा झाला. कप एकच, कान तुटलेला. मला संकोच झाला. हिच्याकडचं आपण कसं प्यायचं, आपण तर द्यायला आलोय. मी "मी चहा घेत नाही" असं खोटं बोलले. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं कप खाली ठेवला, पदरानं हात पुसले, आणि म्हणाली, "हां, लिही मग. चार गेले."

घरी येऊन आजीला सांगितलं. पंच्याहत्तरीची आजी तेव्हा अंगणात बाजेवर होती. घरं उभी असूनही कित्येक आठवडे लातुरात आत झोपायला कुणी धजत नव्हतं, सगळा गाव चांदण्यात. आजीनं माझ्याकडं पाठ केली आणि म्हणाली, "पणजीची भाकर तुला कशाला सांगितली मी?"

दुसऱ्या दिवशी गेले. बाई आपल्या दिराबरोबर दुसऱ्या शेडवस्तीत गेली होती. पुन्हा दिसली नाही.

*

तर, नांदेडची खारट खिचडी. पुढच्या रविवारी मी मुलांना म्हटलं, हातात काही घ्यायचं नाही. वही नाही, पाकीट नाही, शुभवर्तमानाची पत्रकं तर मुळीच नाहीत. यावर मंडळीत कुरकुर झाली. एका वडिलांनी विचारलं, मग ही सेवा कसली? (आमच्याकडं मंडळीच्या कारभाऱ्यांना 'वडील' म्हणतात, त्यामुळे वडिलांशी भांडणं म्हणजे दुहेरी पाप.) मी म्हटलं, सेवा नाही, ओळख. जेवणाबरोबर प्रार्थना वाढली की जेवण फुकट राहत नाही, त्याची किंमत लागते. आणि ही किंमत आपल्या पणजोबा-पणजींनी मोजलीय, आपल्याला ती माहीत असायला पाहिजे. ते गप्प बसले. पटलं म्हणून नाही. पणजीचं नाव निघालं म्हणून.

रिकाम्या हातानं जाणं फार अवघड. हात कुठं ठेवावेत कळत नाही. मुलं सुरुवातीला नुसती उभी राहायची. नर्सिंगला शिकणारी एक मुलगी धीट, ती जमिनीवर बसली. मग एकेक बसले. स्टेशनासमोर कोण कोण असतं ते हळूहळू दिसायला लागलं. अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस इथं संपते. गाडी संपते तिथं माणसंही उतरतात, काही उतरून तशीच राहतात. ऊसतोडीच्या टोळीतून आजारी पडून मागं राहिलेला एक. नवस म्हणून आईला दर्शनाला आणून, तिला बाकड्यावर बसवून, "पाणी आणतो" म्हणून गेलेल्या मुलांच्या आया; अशा तिघी मला ठाऊक आहेत. त्यांतली एक अजूनही मुलाला रागे भरत नाही, फक्त म्हणते पाण्याला गर्दी असंल. 2008 साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला शहराचे रस्ते रुंद झाले, पूल झाले, झोपड्या हलल्या. काहींना पक्की घरं मिळाली, काहींना रुंद फुटपाथ.

या लोकांचा एक गुण मुलांनी लगेच टिपला. समोरचा कोण, हे लांबूनच ओळखून ते नमस्कार बदलतात. पगडीला सत् श्री अकाल, टोपीला सलाम, निळ्या उपरण्याला जय भीम, बाकी सगळ्यांना रामराम. आम्हाला काय म्हणावं ते कुणाला ठरवता येईना. पहिल्या दिवशीचा तो म्हातारा सरळ "या पाव्हणे" म्हणायला लागला.

त्याला आम्ही मास्तर म्हणायचो. तो मास्तर नव्हता, पण कुणाचंही बोलणं दुरुस्त करायचा.

चुका पुष्कळ झाल्या. एका मुलानं पुलाखाली झोपलेल्या माणसाबरोबर मोबाइलवर फोटो काढला आणि मित्रांना पाठवला, खाली ओळ लिहून. तो माणूस जागा होता. त्यानं काही न बोलता गोधडी गुंडाळली आणि गेला, चार महिने त्या बाजूला फिरकला नाही. मुलगा रडला, पण रडण्यानं तो माणूस परत येणार नव्हता. दुसऱ्या एकाला 'मुका' म्हणून आम्ही वर्षभर खाणाखुणा केल्या, तो तेलुगू होता. मानसिक आजारात घर हरवलेल्यांना बरं करून त्यांच्या गावी सोडणारी कर्जतची श्रद्धा संस्था आणि तिचे डॉ. भरत वाटवाणी यांना 2018 साली मॅगसेसे मिळालं. तेव्हा मी मुलांना एवढंच सांगितलं की, बघा, त्यांचं निम्मं काम भाषा ओळखण्याचं असणार.

गाव कोणतं, हा आपला लाडका प्रश्न. तो विचारायचा की नाही यावर आमच्यात बराच खल झाला. गाव विचारलं की आडनाव येतं, आडनावामागं जात येते, हे मराठवाड्यात पाचवीच्या पोरालाही कळतं. पण न विचारावं तर माणूस नुसता स्टेशनवरचा उरतो. शेवटी ठरलं की आपलं आधी सांगायचं. मी लातूरची, म्हटलं की पुढचं आपोआप येतं. "लातूरला पाणी आलं का?" हा प्रश्न 2016 नंतर मला शंभरदा तरी विचारला गेला असेल. त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. माझा भाऊ तेव्हा तिथल्या तरुण संघाबरोबर गोलाईतल्या हमालांना, रात्री दुकानांच्या पायऱ्यांवर झोपणाऱ्यांना भेटायचा. टँकरच्या रांगेत घर नंबर लागायचा. ज्याला घरच नाही त्यानं घागर कोणत्या नंबरवर लावायची? भाऊ सांगतो, त्या उन्हाळ्यात ते लोक त्याला पाणी मागत नव्हते, "आमची घागर तुमच्या नावावर लावा" म्हणत होते.

कागदावर या माणसांसाठी बरंच आहे. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरच्या बेघरांची मोजणी केली. आकडा सुमारे 17.7 लाख, त्यांत महाराष्ट्राचे दोन लाखांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळं आणि 2013 नंतरच्या नागरी उपजीविका अभियानात नियम आला, शहरात दर लाख वस्तीमागं शंभर जणांचा एक निवारा. नांदेडची वस्ती तेव्हाच साडेपाच लाख होती. हिशोब ज्याचा त्यानं करावा. त्याच कागदांत 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदाही आहे, ज्याखाली हात पसरणाऱ्याला वॉरंटशिवाय धरता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 साली तो दिल्लीपुरता बराचसा मोडीत काढला. एका निवाऱ्याच्या दारात आम्हीही मास्तरांना घेऊन गेलो होतो. तिथं आधार कार्ड मागितलं. आधारसाठी पत्ता मागतात. मास्तर म्हणाले, "पत्ता असता तर हितं कशाला आलो असतो, येड्यानो." दुरुस्तीला काही जागा नव्हती.

*

चहाची गोष्ट राहिली.

तिसरं वर्ष असेल. थंडी होती. मास्तरांनी त्या दिवशी बॅगा उचलून काही पैसे मिळवले होते. आम्ही बसल्यावर त्यांनी टपरीवाल्याला हाक मारली, "सहा च्या." टपरीवाल्यानं आमच्याकडं बघितलं, पैसे कोण देणार म्हणून. मास्तरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून मळकी नोट काढली. माझ्या शेजारचा मुलगा, चांगल्या मनाचा, पटकन म्हणाला, "नको नको काका, आम्ही देतो, तुम्ही कशाला?"

मी त्याच्या दंडाला धरलं. जरा जोरातच धरलं असणार, तो अजून सांगतो.

चहा आला. साखर फार, दूध नावाला. मी घोट घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर कान तुटलेला कप आला. अठरा वर्षं झाली होती. मास्तर बघत होते. कुणी किती प्याला, कुणी ठेवला, सगळं टिपत होते. त्या मुलानं शेवटचा घोटही घेतला आणि ग्लास उलटा करून दाखवला, तेव्हा मास्तर हसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपलं नाव सांगितलं. आम्ही मात्र मास्तरच म्हणत राहिलो, आणि त्यांनाही ते आवडत होतं असं वाटतं.

पुढं आमच्या मंडळीत एक निवृत्त पाळक आले होते. त्यांनी उपदेशात रोमची गोष्ट सांगितली. संत एजिदियो नावाचा एक समाज तिथं 1968 साली हायस्कुलातल्या पोरांनी सुरू केला. 1982 च्या नाताळात त्यांनी त्रास्तेव्हेरे भागातल्या जुन्या चर्चमध्येच टेबलं मांडून वीसेक गरिबांबरोबर जेवण घेतलं. पुढच्याच महिन्यात, 31 जानेवारी 1983 ला, मोदेस्ता नावाची बेघर म्हातारी स्टेशनजवळ मेली. ती मळकी म्हणून तिला गाडीत घ्यायला रुग्णवाहिकेनं नकार दिला होता. तेव्हापासून दरवर्षी तिथं रस्त्यावर गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात. मुलांच्या मनात त्यातलं टेबल बसलं. आपणही नाताळचं जेवण चर्चच्या अंगणात करू, सगळ्यांनी एका पंगतीत.

वडीलमंडळींची बैठक झाली. जेवणाला कुणाचा विरोध नव्हता. प्रश्न निघाला ताटांचा. चर्चची स्टीलची ताटं साठ. कुणीतरी फार सौम्यपणे सुचवलं, पाहुण्यांना पत्रावळी देऊ, स्वच्छतेच्या दृष्टीनं, आपल्या लोकांना ताटं आहेतच. कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता. त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी एक वेगळा कप होता, वळचणीला अडकवलेला, आणि तो कुणाचा होता हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सूचना करणाऱ्यांनाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किंवा सगळ्यांनाच पत्रावळी," ते म्हणाले. "धुवायचं तरी वाचंल."

नाताळाच्या दुपारी माणसं आली. वाटलं होतं त्याहून कमी, तेवीस. मास्तर आले नाहीत. ते मागच्या महिन्यापासून स्टेशनवर दिसत नव्हते, औरंगाबादेकडं गेले असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं पूर्णेला. पण तेलुगू बोलणारा आला, पाण्याला गेलेल्या मुलाची आई आली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, गच्च गाठ मारलेली. आत लंगरातले फुलके, चाळीस तरी असतील, अजून ऊबदार. "रिकाम्या हातानं कसं यायचं लोकाच्या घरी," ती म्हणाली, आणि पिशवी पाळकीणबाईंच्या हातात दिली. पाळकीणबाईंनी ते फुलके पुलावाच्या शेजारी परातीत मांडले. पहिल्यांदा संपले ते तेच.

मी वाढत होते. ती आई पंगतीच्या टोकाला बसली होती. तिनं माझा पदर ओढला.

"गाव कंचं तुझं, माय?"

"लातूर."

"भूकंपाचं?"

"हो."

ती सतरंजीवर जरा सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "मग उभी का? बस की."